चेहरा शांत, गाडी सुरक्षित

४ मार्च

आजपासून रोजनिशी. घरात माझं कोणी ऐकून घेत नाही. वही निदान मध्येच बोलत नाही.

आज लेकीने निकाल दिला. आता मी ठकीला शाळेत सोडायचं नाही. ठकी म्हणजे माझी नात, वय वर्षं सहा, आणि गुन्हा तिचा, शिक्षा मला. शाळेत पाण्याच्या नळापाशी कुणा पोराने रांग मोडली. ही मान बाहेर काढून ओरडली, डोळे काय घरी ठेवून आलास का रे? आणि पुढे एक शब्द. तो इथे लिहीत नाही. बाईंनी विचारलं, हे कुठे शिकलीस? तर म्हणाली, आजोबांच्या गाडीत, सिग्नलला.

लेक म्हणाली, बाबा, तुम्ही स्टीयरिंगला बसलात की वेगळेच होता. तुम्ही शांत झालात हे मला डोळ्यांनी दिसू दे, मग बघू.

मी शांतच आहे. उलट गाडी चालवताना जितका शांत असतो तितका एरवीही नसतो. बाकीचे लोक गाडी कशी चालवतात हे मोठ्याने सांगणं म्हणजे राग नव्हे. ते मार्गदर्शन.

रिटायर झाल्यापासून मला तेवढं एकच काम होतं. सकाळी ठकीला सोडायचं, दुपारी आणायचं. आता सकाळी आंघोळ का करायची हाच प्रश्न आहे.

५ मार्च

आंघोळ केली नाही.

७ मार्च

देव आहे. किराणा दुकानाच्या काचेवर कागद लावलाय. गाडीच्या कंपनीला साधे ड्रायव्हर हवेत, वय कितीही. गाडीत चालकाला मदत करणारी यंत्रणा बसवली आहे. ती स्वतः ब्रेक मारते, लेन सोडली की स्टीयरिंग सरळ करते, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवते. ही यंत्रणा किती सुरक्षित आहे ते चालकांच्या भावनांवरून तपासणार, असं काहीतरी लिहिलं होतं. मी चालकांच्या भावना एवढं वाचलं आणि फोन लावला.

प्लॅन असा: कंपनीने यंत्र लावून माझ्या भावना मोजायच्या. यंत्र सांगेल, शांत. लेकीचं तोंड बंद.

बायको म्हणाली, भावना मोजणार? मग लवकर घरी याल. एकच तर आहे.

दुर्लक्ष केलं.

१० मार्च

निवड झाली. चाळीस माणसं आली होती, त्यातून घेतली मोजकीच. का घेतलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण माणसाची पारख असते एकेकाला.

इथे दोघं महत्त्वाचे. एक दाढीवाला साहेब, तो मुख्य. दुसरी चष्मेवाली इंजिनिअर, जेमतेम लेकीच्या वयाची, सारखी केसात पेन खोचते आणि मग तेच पेन शोधत बसते. तिने सगळं नीट समजावलं. डॅशबोर्डवरचा कॅमेरा चेहरा बघणार. मनगटावरचा पट्टा नाडी आणि घाम मोजणार. गाडीत ब्रेकच्या तीन सेटिंग, लवकर, मधला आणि उशिराचा. समोर फोमचा पुतळा येणार आणि गाडी आपणहून थांबणार. कुठल्या सेटिंगला माणूस घाबरतो, कुठल्या सेटिंगला निवांत राहतो, ते बघून ठरणार की रस्त्यावर कुठलं सेटिंग पाठवायचं. तुम्हाला जरा जरी असुरक्षित वाटलं तरी काका, बिनधास्त स्वतः ब्रेक मारा, असं ती दोनदा म्हणाली. आणि म्हणाली, ही परीक्षा गाडीची आहे, तुमची नाही.

मी मनातल्या मनात हसलो. मी जन्मभर वीज खात्यात मीटर तपासनीस होतो. लोकांच्या दारात उभं राहून मीही हेच म्हणायचो. तुमच्यावर संशय नाही हो, नुसतं मीटर बघायला आलोय. असं म्हटलं की माणूस सैल होतो, मग सापडतो. पोरगी हुशार आहे. पण मी तिच्या जन्माच्या आधीपासून हे काम करतोय.

परीक्षा माझीच आहे.

१३ मार्च, दुपारी

पहिली फेरी. कंपनीचा ट्रॅक म्हणजे शहरापासून लांब एक मोठं सिमेंटचं मैदान, कडेला पत्र्याची शेड, एक कॉफीचं मशीन. आमची गाडी पांढरी. पायाखाली कोरी करकरीत मॅट. म्हटलं, व्वा, पाहुणचार आहे.

लवकरच्या सेटिंगला गाडी अशी थांबली की माझा चष्मा नाकावरून घसरला. मधल्याला ठीक. उशिराच्या सेटिंगला पुतळा समोर आला, मोठा झाला, आणखी मोठा झाला, मी त्याचं शर्टाचं बटण बघितलं आणि मग गाडी थांबली.

चष्मेवालीने विचारलं, काय वाटलं? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, नाडी खूप वर गेली होती. मी म्हटलं, जिने चढून आलो ना. ती थोडा वेळ शेडकडे बघत राहिली. इथे जिने नाहीत हे नंतर माझ्या लक्षात आलं.

मग तिने एक कार्ड पुढे केलं. त्यावर पाच चेहरे काढलेले, हसरा ते रडका. भीती वाटली तेवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. मी हसऱ्यावर ठेवलं. जरा घामाचा ठसा उमटला. पुसला.

पहिली फेरी सगळ्यांचीच अशी जाते.

१६ मार्च

माझ्या आधीचा नंबर एका बेकरीवाल्याचा असतो. गोल माणूस, अंगाला पावाचा वास. हा गडी गाडीत बसला की ओरडतो. खरोखर ओरडतो. अगं आई गं, मेलो, थांबव हिला! शेडपर्यंत ऐकू येतं. पुतळा दिसला की यंत्रणेच्या आधी स्वतःच ब्रेक मारतो. उतरला की रडक्या चेहऱ्यावर बोट, आणि तेही दोन वेळा, म्हणे एकदा ठेवून पुरत नाही.

आणि चष्मेवाली त्याला थँक्यू म्हणते! फार उपयोगी आलं म्हणे. सुशिक्षित माणसं नापास करतानासुद्धा गोड बोलतात. बिचारा. मी त्याला कॉफी पाजली आणि समजावलं, गडबडून जाऊ नका, एखादी परीक्षा बिघडते माणसाची. तो म्हणाला, काका, मला भीती वाटली, मी ओरडलो, यात बिघडलं काय?

१७ मार्च

आजपासून तयारी. संकल्प:

चेहऱ्यावर कायम मंद स्मित. फार नाही, फार केलं की वेड लागल्यासारखं दिसतं.

गाडीत बसल्यावर उलटे पाढे म्हणायचे, मनात.

मनगटाला टाल्कम पावडर, म्हणजे पट्ट्याला घाम सापडणार नाही.

तिसरी युक्ती माझी स्वतःची. लोक मीटरला चुंबक लावायचे, तारा वाकवायचे, एकाने तर मीटरला टोपी घातली होती. मी सगळ्यांना पकडलं. त्यामुळे मीटर कसा फसतो हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? अर्थात त्यांची ती चोरी होती. माझं हे नियोजन आहे.

बाथरूमच्या आरशासमोर पेन्सिल दातांत धरून स्मिताचा सराव केला. बायको दारात येऊन बघत होती. म्हणाली, कुठला दात दुखतोय? उद्या डॉक्टरकडे जाऊ.

२० मार्च

कमाल झाली. तिन्ही सेटिंगला स्मित ढळलं नाही. उशिराच्या वेळी उलटे पाढे एकोणीसच्या पाढ्यात अडकले, तरी चेहरा शाबूत. पट्ट्यावरची रेघ सपाट. हसऱ्या चेहऱ्यावर बोट.

चष्मेवाली रेघेकडे बघत राहिली. पट्टा काढून बघितला, फुंकर मारली, परत लावला. हल्ली पट्टे नीट चालत नाहीत, असं पुटपुटली. पायाखालची मॅटही बदलून घेतली तिने, ती मॅट म्हणे काहीतरी भलतंच दाखवते. मॅट काय दाखवणार? रबर आहे ते. या पोरांना सामान कसं निवडावं ते कळत नाही.

२३ मार्च

दाढीवाला साहेब स्वतः भेटायला आला! खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, काका, तुमच्यासारखा ड्रायव्हर शोधत होतो. त्याचं म्हणणं असं की लवकर लागणाऱ्या ब्रेकने लोक वैतागतात, गचके बसतात, हातातली कॉफी सांडते, गिऱ्हाईक नाराज होतं. उशिराचा ब्रेक मऊ. पण ही बाकीची मंडळी उशिराच्या ब्रेकला घाबरतात आणि त्याचे आकडे बिघडवतात. तुमच्यामुळे आता कळलं की भीती ब्रेकमध्ये नाही, लोकांच्या डोक्यात आहे.

मी म्हटलं, अगदी बरोबर. लोकांची मनं कमकुवत झाली आहेत.

चष्मेवाली मागे उभी होती. म्हणाली, सर, एका माणसावरून ठरवायला नको. साहेब म्हणाला, एका माणसावरून नाही, काकांच्या प्रत्येक फेरीवरून. तिने केसातलं पेन काढलं, पुन्हा खोचलं.

घरी आल्यावर लेकीला फोन केला. सांगितलं, कंपनी माझ्याकडे बघून ब्रेक ठरवणार आहे. ती म्हणाली, कुठल्या गाड्यांचे, बाबा? म्हटलं, सगळ्या. फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. अभिमान वाटला असणार.

२६ मार्च

आज स्वतःच्या गाडीतून बायकोला घेऊन मंडईत गेलो. एक टेम्पो इंडिकेटर न देता वळला. मी काच खाली करून त्याला दोन शब्द सांगितले. मग त्याच्या मागे जाऊन आणखी चार सांगितले. मग तो थांबला आणि उतरला, तर तो माझ्या दीडपट उंच निघाला, म्हणून मी काच वर केली.

बायको म्हणाली, शांत आहात ना तुम्ही?

हे शास्त्रीय नाही. आमच्या गाडीत कॅमेरा नाही. मोजमाप नसेल तिथे शांतता सिद्ध होत नाही, मग उगाच कशाला वाया घालवायची.

ती शेजारच्या सीटवर बसली की सतत पायाने गाडीचा तळ दाबत असते, जणू तिच्याकडे ब्रेक आहे. मी तिला नेहमी चिडवतो. तिच्याकडे लायसन्स आहे, नाही असं नाही. पण मी असताना तिने कशाला त्रास घ्यावा?

भाजी घ्यायची राहिली.

२९ मार्च

शाळेच्या बसला उशीर झाला म्हणून लेक ठकीला तासभर आमच्याकडे ठेवून गेली. ठकी म्हणाली, आजोबा, बसमध्ये कोणी गोष्ट सांगत नाही. आणि खिडकीतली जागा मोठी मुलं घेतात. मी म्हटलं, थोडेच दिवस थांब, आजोबांची परीक्षा संपत आलीय. तिने विचारलं, पास होणार का? म्हटलं, पहिला नंबर.

माझ्या वाटणीचा लाडू तिला दिला. मला ॲसिडिटी आहे.

१ एप्रिल

मोठी बातमी. पाच तारखेला प्रात्यक्षिक. साहेबाने उशिराचं सेटिंग जवळजवळ पक्कं केलंय. वरचे लोक बघायला येणार आणि गाडीत ड्रायव्हर म्हणून मी! घरचं माणूस मागच्या सीटवर चालेल म्हणाला, उलट बरं दिसेल, कुटुंबाची गाडी आहे.

लेकीला विचारलं. तिने बराच विचार केला. मग म्हणाली, ठीक आहे, मी येते. मी स्वतः बसून बघते. तुम्ही खरंच शांत दिसलात तर सोमवारपासून ठकी तुमची.

सोमवारपासून ठकी माझी! तिच्या सीटचं कव्हर धुवायला टाकलं.

पावडरचा नवा डबा आणला.

४ एप्रिल

चष्मेवालीचा फोन. म्हणाली, काका, एक खरं सांगाल? उशिराच्या ब्रेकला तुम्हाला खरंच काही वाटत नाही? उद्या ट्रॅकवर पाणी मारणार आहेत, ओल्यावर गाडी आणखी पुढे जाऊन थांबते. मला तुमची मापं पटत नाहीत. तुम्ही म्हणालात भीती वाटते, तर मी अजूनही हे थांबवू शकते.

शेवटच्या क्षणाला सापळा. मीसुद्धा असंच करायचो, सही करायच्या आधी विचारायचो, मीटरला कुणी हात लावला नाही ना? भल्याभल्यांची बोबडी वळायची.

मी म्हटलं, बाई, मला भीती म्हणजे काय ते माहीत नाही. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. आवाज पडलेला होता तिचा. हरली.

५ एप्रिल, सकाळी

पावडर लावली. स्मित तपासलं. निळा शर्ट. आज लेक बघणार.

५ एप्रिल, संध्याकाळी

लिहायला सुचत नाही.

थोडक्यात लिहितो. ट्रॅक ओला. वरची माणसं शेडमध्ये खुर्च्यांवर. लेक मागच्या सीटवर, सीटबेल्ट बांधून. पहिल्या दोन फेऱ्या छान. लेक म्हणाली, बाबा, खरंच शांत आहात हो तुम्ही. तेव्हा तिच्या आवाजात असं काही होतं की मला सतराचा पाढा आठवेना.

तिसरी फेरी. कडेला उभ्या गाडीच्या आडून पुतळा निघाला. आजचा पुतळा लहान होता. पोराचा. मी स्मित केलं. गाडी ब्रेक मारेल म्हणून वाट बघितली. लेक ओरडली, बाबा ब्रेक! मी हसत होतो. पाय उचलून ब्रेकवर ठेवायचा, एवढंच. ठेवला असता तर रेघ हलली असती, साहेब बघत होता, लेक बघत होती, पुढे ठकीचा सोमवार होता. गाडीने ब्रेक मारला तेव्हा पुतळा बॉनेटवर होता. मग काचेवर. मग नव्हता.

फोमचा असतो. काही होत नाही. परत उभा करतात.

लेक उतरली आणि चालत जाऊन त्या पुतळ्यापाशी उभी राहिली. शेडमधून कोणी हललं नाही. साहेबाच्या हातातली कॉफी सांडली.

६ एप्रिल

ओल्या रस्त्याचा दोष. मी आधीच सांगितलं होतं की पाणी नको. निदान मनात म्हटलं होतं.

फोमचा दर्जाही हलका.

७ एप्रिल

बोलावून घेतलं. व्हिडिओ दाखवला, हळू करून. लेकही आली होती, मी नको म्हटलं तरी.

पडद्यावर एका बाजूला रस्ता, एका बाजूला माझा चेहरा. पोराचा पुतळा येतो, मी हसतो. पुतळा गाडीला लागतो, मी हसतो. पुतळा काचेवरून जातो, त्याचा एक हात वायपरला अडकतो, आणि मी हसतो. मंद. पेन्सिलीच्या सरावाचं. मी दुसरीकडे बघितलं. भिंतीवर घड्याळ होतं, ते बघत बसलो.

चष्मेवालीने पट्टा उलटा करून टेबलावर आपटला. पांढरी पावडर पडली. मी म्हटलं, उन्हाळा आहे.

मग ती मॅट. त्या मॅटमध्ये सेन्सर होता म्हणे, पाय किती दाबतो ते कळायला. पहिल्या दिवसापासून प्रत्येक फेरीत, पुतळा दिसला रे दिसला की माझा डावा पाय गाडीचा तळ दाबत होता. जोर लावून, जिथे ब्रेकच नाही तिथे. बिचारीला वाटलं मॅट खराब आहे. तीन मॅट बदलल्या तिने माझ्या पायापायी. म्हणाली, काका, बेकरीवाले काका ओरडतात तेवढेच घाबरलेले होतात तुम्ही. थोडे जास्तच.

साहेबाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने वरच्या लोकांना सांगितलंय की आकडे एका चालकाने बिघडवले. एका चालकाने! परवापर्यंत काका होतो.

मी विचारलं, मग माझा निकाल काय? चष्मेवालीने डोक्याला हात लावला. म्हणाली, काका, किती वेळा सांगू, तुमची परीक्षा नव्हतीच. तुम्ही घाबरलात असं तुम्ही सांगायला हवं होतं. तेवढंच तुमचं काम होतं. एक चांगली बातमी आहे म्हणाली, उशिराचं सेटिंग रद्द झालं, या मॅटमुळे. म्हणजे तुमच्या पायामुळे.

म्हणजे शेवटी गाडी मीच सुरक्षित केली. हे घरी सांगायला हवं.

लिफ्टमध्ये लेकीला सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, त्या पुतळ्याची उंची मी विचारली, बाबा. ठकीएवढाच आहे.

नाही सांगितलं.

१० एप्रिल

तीन दिवस गाडीची किल्ली जाग्यावर नाही. शोधली नाही.

बेकरीवाल्याचा फोन आला. त्याला पुढच्या चाचण्यांना बोलावलंय. माझी आठवण आली म्हणाला, तिकडे आता कॉफी प्यायला कोणी नाही. मी म्हटलं, जपून ओरडा, घसा बसेल. चांगला माणूस आहे तसा.

१२ एप्रिल

अंतिम निर्णय लेकीचा. सोमवारपासून ठकीला शाळेत आई सोडेल. आई म्हणजे माझी बायको. माझ्या गाडीतून!

मी सगळे मुद्दे मांडले. तिला सवय नाही. ती डावीकडे वळायच्या आधी उजवीकडे बघते. ती पार्किंगमध्ये गाडीशी बोलते. बायको म्हणाली, मी घाबरत घाबरत चालवेन, म्हणजे सावकाश चालवेन. लेक म्हणाली, हेच हवंय मला.

मी म्हटलं, निदान मी बरोबर येतो, देखरेखीला. दोघी स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजल्या. मग परवानगी मिळाली. अटी: मागे बसायचं, काच खाली करायची नाही, तोंड उघडायचं नाही.

अटी मी स्वतःहून मान्य केल्या. मागच्या सीटवरून एकूण परिस्थितीचा अंदाज जास्त चांगला येतो.

१५ एप्रिल, सोमवार

निघालो. बायको पुढे, ठकी आणि मी मागे. बायकोने आरसा नीट केला, सीट पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली, आरसा परत नीट केला. मी काही बोललो नाही. कोपऱ्यावर सिग्नल हिरवा असताना ती थांबली, म्हणे लाल होईल असं वाटलं. तरी बोललो नाही. मागून हॉर्न वाजले, माझा हात काचेच्या बटणाकडे गेला, ठकीने बघितलं, हात परत मांडीवर ठेवला.

मोठ्या चौकात बसगाडी अशी आडवी आली की माझा पाय आपोआप गाडीच्या तळाशी गेला. तिथे मॅट साधीच होती. बायकोने केव्हाच ब्रेक लावला होता.

ठकी माझ्याकडे झुकली आणि कानात विचारलं, आजोबा, तुम्हाला भीती वाटतेय?

मी स्मित करायला गेलो. जमेना. कितीतरी वेळ तोंड तसंच अर्धवट राहिलं. मग म्हटलं, हो.

ती म्हणाली, मग डोळे मिटून घ्यायचे. गच्च. शाळा येईपर्यंत उघडायचेच नाहीत. तुम्ही गाडी चालवायचात ना, तेव्हा मी रोज तसंच करायचे.

आणि मला वाटायचं, पोरगी झोपलीय.

मी डोळे मिटले. गच्च. गाडी थांबत थांबत, विचार करत करत चालली होती. शाळेपाशी थांबली तेव्हा बायकोने बहुधा आरशातून मागे बघितलं असावं. हळू आवाजात ठकीला म्हणाली, तू उतर गं, आजोबांना उठवू नकोस, झोपलेत ते.